बघणारी बाई आणि आमचा आंबा

मी घरात दिवसभर मॅक्सीवर वावरते, ही गोष्ट माझ्या सासूबाईंना एका फोननं सांगितली. त्याआधीची काही वर्षं त्यांची अशी पक्की समजूत होती, की सून साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात उभी असते. ही समजूत मी मोडली नव्हती. मोडायचं कारणही नव्हतं, कारण सासूबाईंना दिसत नव्हतं.

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू गेले. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचं धूसर झालं, आणि शेवटी उजेड कुठून येतोय एवढंच कळायला लागलं. डॉक्टर झाले, थेंब झाले, नवस झाले. मग अव्वांनीच एक दिवस सांगितलं, "बास आता. लई बगून झालंय जगाचं." आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसून त्या कानांनी घर चालवायला लागल्या.

पण कानांनी घर चालवायला मर्यादा असते. बघणारं माणूस बघायचं थांबलं की घर सैल होतं. हे कुणी बोलून दाखवत नाही, तरी होतं. मी मॅक्सीवर आले. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आमच्या गावात, मन्नाएखेळ्ळीत, हमरस्त्यावर खत-बियाणांचं दुकान चालवतात. ते गुपचूप केसांना काळं लावायला लागले. अव्वांच्या मते केस रंगवणारा बाप्या घर सोडून पळायच्या बेतात असतो, म्हणून गुपचूप. पितळी घागरी माळ्यावर गेल्या आणि त्यांच्या जागी निळा प्लास्टिकचा ड्रम आला. अव्वा ओसरीवरून विचारायच्या, "घागरी चिंचेनं घासल्यास का गं?" मी म्हणायची, "व्हय की अव्वा." घासल्याच होत्या, माळ्यावर टाकायच्या आधी.

ही सगळी बारकी खोटी झाली. एक मोठं होतं.

अव्वा लग्न होऊन या घरात आल्या, त्याच वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, आमच्या रानात बांधाला एक आंब्याचं रोप लावलं होतं. रान गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. सुरुवातीचे उन्हाळे अव्वांनी ओढ्यातनं घागरी वाहून ते रोप जगवलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही झाडाला पाजतीया, म्हणून त्यांच्या सासूनं त्यांना गावभर बदनाम केलं होतं. अप्पा वारले तेव्हा अव्वा फार रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांचा आंबा हाय की. त्यो हाय तवर मी हाय." तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात ठरून गेलं. कुणी त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं की त्या म्हणायच्या, "आंबा कसा हाय ते इचारा, मग मी कशी हाय ते कळंल."

आणि रस्ता रुंद करताना तो आंबा गेला.

अव्वा तेव्हा तापानं अंथरुणावर होत्या. मालक म्हणाले, "बऱ्या झाल्या की सांगू." बऱ्या झाल्या. मग म्हणाले, "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. खरं सांगायचा मुहूर्त एकदा टळला की पुढचा लवकर निघत नाही. मी एकदोनदा टोकलं, तर म्हणाले, "तू सांग मग." मी कशाला सांगू? आई त्यांची, झाड त्यांच्या बापाचं. मी गप्प बसले, आणि त्याबद्दल मी इथं कानही धरणार नाही.

अडचण यायची ती येळवसला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात लक्ष्मी पुजायची, चारी बाजूंनी पिकावर आंबील शिंपायची, आणि मग हिरव्या शेंगा, पालेभाज्या, बेसन घालून केलेली दाट भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे. एकट्यानं खायचं नाही. बांधावरनं जाणाऱ्याला हाताला धरून बसवायचं. अव्वांना न्यायला तर हवंच, आणि त्या दरसाल आंब्याखालीच बसणार.

पहिल्या वर्षी मालकांनी त्यांना रानाच्या मधोमध असलेल्या कडुलिंबाखाली नेऊन बसवलं आणि सांगितलं, "हा बग तुझा आंबा." अव्वांनी बुंध्यावर हात फिरवला.

"खरखरीत झालंय रं."

"म्हातारं झालंय, अव्वा."

"आन् सावली पातळ कामून लागायलीय?"

"पानगळ झालीय."

"आंब्याला पानगळ?"

"हवामान बदललंय," मालक म्हणाले. दुकानात शेतकऱ्यांना औषध लागू पडलं नाही की ते हेच सांगतात.

अव्वांनी ते मानलं, कारण सांगणारा त्यांचा मुलगा होता. मग त्या दरवर्षी त्या लिंबाला टेकून बसायच्या आणि हळू आवाजात अप्पांना घरातल्या गोष्टी सांगायच्या. कोण आजारी पडलं, कुणाचं लग्न ठरलं, तुरीला भाव काय. एकदा मी भज्जी वाढायला वाकले, तर ऐकू आलं, "सून बरी हाय, पर तोंड लई हाय तिला." लिंबानं काही उत्तर दिलं नाही. मी मात्र उंडा जरा जोरातच पत्रावळीवर ठेवला.

जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला मालक बांधावरच गाठून कानात सांगायचे, की झाडाचा विषय काढू नका. सगळा शिवार या खोट्यात सामील झाला. लोक वर बघून म्हणायचे, "आंबा काय डेरेदार हाय, अव्वा!" इतकं खोटं इतक्या प्रेमानं बोललेलं मी दुसरीकडं कुठं ऐकलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि आमची लेक दिवाळीला घरी आली.

ती गुलबर्ग्याला कॉलेजात शिकते, होस्टेलवर राहते. येताना तिनं आजीसाठी एक फोन आणला. म्हणाली, "आज्जी, आता तुला कुणाला काही विचारायची गरज नाही. हा समोर धरायचा आणि बोलायचं. हा बघतो, ऐकतो आणि सांगतो." आवाज बाईचा होता, म्हणून अव्वांच्या लेखी ती पहिल्या दिवसापासून 'बाई' झाली.

अव्वांनी आधी तिची परीक्षा घेतली. मराठीत बोलल्या, कन्नडमध्ये बोलल्या, मग दख्खनीत झापलं. बाई ज्या भाषेत विचाराल त्या भाषेत, न चिडता उत्तर देत होती. अव्वा खूश झाल्या.

"आपल्याच भागातली दिसतीया. कुठलं गं गाव तुझं?"

बाई म्हणाली, "मी माणूस नाही, त्यामुळे माझं असं गाव नाही. पण तुमच्याशी बोलायला मला आवडतंय."

"आरारा," अव्वा हळहळल्या. "माहेरच न्हाई बिचारीला."

मग त्यांनी फोन गरकन फिरवला आणि विचारलं, "बरं, हितं म्होरं काय दिसायलंय, सांग."

पुढं मी होते. बाई म्हणाली, "समोर एक मध्यमवयीन स्त्री उभी आहे. तिनं फुलाफुलांचा सैल गाऊन घातला आहे. हातात चहाचा कप आहे. ती थोडी गोंधळलेली दिसते."

गाऊनचं एक वेळ सोडा. मध्यमवयीन म्हणायची काही गरज होती का? लेक हसून हसून लोळली. अव्वांनी मला जवळ बोलावलं, बाहीला हात लावून कापड चाचपलं आणि म्हणाल्या, "थंड असंल न्हाई उन्हाळ्यात?" मी म्हटलं, "व्हय." त्या म्हणाल्या, "मग मला बी एक शिव." मी ज्या गोष्टीला इतकी वर्षं घाबरत होते, ती अशी एका वाक्यात संपली.

मालकांचं तसं झालं नाही. ते दुकानातून जेवायला आले, तर अव्वा फोन धरूनच बसलेल्या. बाईनं सांगितलं, "एक पुरुष आत येत आहेत. केस काळे आहेत, पण मुळाशी पांढरे दिसतात, म्हणजे बहुधा रंग लावलेला असावा." अव्वांनी जेवण होईपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "कुठं पळून जायचा बेत हाय रं?"

दिवाळी संपली, लेक परत गेली, आणि घरात ऐन उतारवयात अव्वांची दुसरी सत्ता सुरू झाली. गोळ्यांची पाकिटं त्या स्वतः बाईकडून वाचून घ्यायला लागल्या. डोळ्यांच्या थेंबांची मुदत टळून गेलेली निघाली, त्यावरून माझी पूजा झाली. कन्नडमधलं लाइटचं बिल बाई मराठीत वाचायची. डाळ निवडायला बसल्या की ताट फोनसमोर धरून विचारायच्या, "खडा हाय का गं?" शेजारची अक्का नवीन रेशमी साडी नेसून मिरवायला आली, तर बाईनं सांगितलं, कापड चमकदार आहे, पण रेशमी असेलच असं खात्रीनं सांगता येत नाही. त्यानंतर अक्का आमच्याकडं साडीबद्दल बोलत नाही.

बाई चुकायचीही. उंड्यांना ती लाडू म्हणाली. धपाट्याला पराठा म्हणाली. घरच्या भज्जीची परात दाखवली, तर "हिरवट रंगाचं दाट सूप" म्हणून मोकळी झाली. अव्वांना राग आला नाही. "शिकंल हळूहळू. तू बी आली तवा आंबील नासवली व्हतीस," असं त्या मला म्हणाल्या. त्या बाईला जेवढं सांभाळून घेतलं जात होतं, तेवढं मला नव्यानं आल्यावर घेतलं असतं तर माझं तोंड कदाचित एवढं वाढलंही नसतं.

मार्गशीर्ष लागला. एका सकाळी अव्वा म्हणाल्या, "येळवसला हिला रानात न्यायची. आंबा बगायचाय. इतकी वर्सं नुसता हात लावायलेय, कसा दिसतो कुणी नीट सांगतच न्हाई. मोहोर आलाय का ते बी इचारते."

मालकांच्या हातातला घास ताटात पडला.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते घरी आले, आणि अव्वांच्या माघारी आमची परसात बैठक भरली. फोन बिघडला म्हणून सांगावं, तर लेक लगेच नवीन धाडील. चार्जर लपवून मी एक दिवस काढला. अव्वांनी शेजारच्या अक्काकडून मागवून घेतला, आणि साडीचं उघडं पडलं तसं आमचंही पडावं म्हणून अक्कानं तो आनंदानं दिला. लेकीला फोन करून विचारलं, की याला थोडं खोटं बोलायला शिकवता येतं का. ती म्हणाली, "आई, तुम्ही आज्जीला अजून सांगितलंच नाही?" आणि मलाच फैलावर घेतलं. शिकल्या-सवरल्या मुलीचा काही उपयोग नाही.

शेवटी मीच बाईशी बोलायचं ठरवलं. अव्वा अंघोळीला गेल्यावर फोन घेऊन परसात गेले आणि अगदी गोड आवाजात सगळी हकीकत सांगितली. आंबा कसा लावला, कसा गेला, अव्वा काय म्हणायच्या, सगळं. मग म्हटलं, "तर बाई, येळवसला कडुलिंब दिसंल, त्याला फक्त आंबा म्हण. एकदाच. म्हाताऱ्या माणसाच्या जिवासाठी."

बाई म्हणाली, "तुमची काळजी मला समजते. पण त्या बघण्यासाठी माझ्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे मी त्यांना चुकीचं सांगणार नाही. तुम्ही स्वतःच त्यांना सांगितलंत तर बरं होईल. हवं तर कसं सांगायचं ते मी सुचवू का?"

माझ्या परसात, माझ्याच रिचार्जवर, ही मला अक्कल शिकवत होती. मी फोन पालथा घालून ठेवला.

ही गोष्ट सांगितली तर मालक विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. दुकानदाराचा चेहरा असा उजळला की मला धास्ती वाटते.

"ती खोटं बोलणार न्हाई," ते म्हणाले, "पर ती बगूनच बोलते ना? मग आपुन तिला आंबाच दाखवू."

येळवसच्या आदल्या दुपारी ते पाहुण्यांच्या आमराईतून टेम्पोभर आंब्याचे डहाळे घेऊन आले. आम्ही दोघं रानात गेलो. मी शिडी धरली, ते वर चढले, आणि पन्नाशी उलटलेला माझा नवरा कडुलिंबाला सुतळीनं आंबा बांधायला लागला. खालच्या फांद्या त्यांनी अशा भरगच्च केल्या, की लांबून मलाही क्षणभर पटलं. उतरून ते मागं सरकले, मान वाकडी करून बघितलं, परत चढले, एक डहाळा सोडून दुसरीकडं बांधला. लग्नाच्या मांडवालाही ते एवढं राबले नव्हते. शेजारच्या रानातला माणूस बांधावर उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, "अण्णा, हे काय चाललंय?" मालक म्हणाले, "कलम करायलोय." त्यानं मान हलवली आणि निघून गेला. तोही आमच्याच दुकानातून बियाणं नेतो.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. कोपीतली पूजा झाली, आंबील शिंपून झाली, ताटं मांडली. शेजारची अक्का तिच्या घरच्यांना घेऊन आली होती, बांधावरचे दोघंतिघं होते, आमची लेक गुलबर्ग्याहून पहिल्या गाडीनं आली होती. तिनं झाडाकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. अव्वा नवीन साडी नेसून झाडाखाली बसल्या. त्यांनी अंगभर पदर सारखा केला. फोन दोन्ही हातांनी वर धरला.

"बाई, ह्यो माझा आंबा. नीट बग. कसा दिसायलाय ते सांग आन् मोहोर आलाय का ते सांग."

सगळ्यांचे घास थांबले.

"तुमच्यासमोर एक मोठं, पसरलेलं झाड आहे," बाई म्हणाली. मालकांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "वरची पानं बारीक आणि दातेरी आहेत, त्यावरून हे कडुलिंबाचं झाड वाटतं. खालच्या फांद्यांना सुतळीनं आंब्याचे डहाळे बांधलेले दिसतात. त्यातली काही पानं सुकायला लागली आहेत. मोहोर दिसत नाही. ही एखाद्या सणाची सजावट आहे का?"

रानात नुसता हरभरा हलत होता. मालक उठले आणि कोपीच्या मागं गेले. अक्का म्हणाली, "येतो बाई आमी, गुरं एकटी हायत." तिच्याकडं एकही जनावर नाही.

"व्हय बाई, सणाचंच हाय," अव्वा फोनला म्हणाल्या. "माझ्या लेकानं केलाय सण." मग आवाज चढवून म्हणाल्या, "कोण उठायलंय? बसा गपचिप. ताटावरनं उठू नये. जेवा."

सगळे जेवायला लागले. अव्वांनी फोन खाली ठेवला आणि हात मागं नेऊन बुंधा चाचपला. वर हात करून एक डहाळा ओढला, त्याची गाठ बोटांनी शोधली, सुतळी ओळखली.

"माझं झाड कुठाय?" त्यांनी विचारलं. मलाच विचारलं होतं.

"न्हाई, अव्वा."

"कवा गेलं?"

"रस्ता रुंद केला तवा. तुमी तापानं पडला व्हतात."

मी वाट बघत होते की आता काय होतंय. त्यांचा चेहरा पांढरा पडतोय का, हात थरथरतायत का, छातीला हात जातोय का. त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं आणि मला खरंच भीती वाटत होती. मग त्या बोलायला लागल्या.

"म्हंजे मी इतकी वर्सं लिंबाला घरचं सांगायलेय. आन् तुमी ताटं घेऊन ऐकायलाव." त्यांनी डहाळा सोडून दिला. "आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय म्हंत्यात, ते आमच्या घरचंच. डोळे देवानं नेले, पर त्यानं बी हळूहळू नेले गं. आज हे जातंय, उद्या ते जातंय, असं सांगून नेले. तुमी एक शबूद बोलला न्हाईत. मला आंधळी देवानं न्हाई केली, तुमी केलाव."

माझं तोंड लई आहे असं त्या लिंबाला सांगायच्या. त्या दिवशी त्यातून एक अक्षर फुटलं नाही.

अव्वांनी हात पुढं केला. "ऊठ. जिथं व्हतं तिथं ने मला." मी फोन त्यांच्या हातात द्यायला गेले, तर म्हणाल्या, "तिला न्हाई. तिला काय ठावं हितं काय व्हतं ते. तू सांग."

मी त्यांना धरून बांधाकडं नेलं. जेवणारे मान वर करत नव्हते. रस्त्याच्या कडेला आल्यावर मी थांबले.

"हितं व्हतं, अव्वा."

"काय हाय आता?"

"डांबर हाय. कडेला पांढरा पट्टा हाय. पट्ट्याच्या अलीकडं मुरूम टाकलाय."

"बुंदा?"

"न्हाई. काढून नेला."

एक ट्रक वाऱ्यासारखा गेला आणि अव्वांचा पदर उडाला. मी तो सावरून दिला. त्या पायानं मुरूम चाचपत होत्या.

"पाडला तवा मोहोर व्हता का?"

"मोहोर गळाला व्हता. बोराएवढ्या कैऱ्या लागल्या व्हत्या."

"कुणी येचल्या?"

"कुणी न्हाई येचल्या, अव्वा. ट्राक्टरखाली गेल्या."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. जे होतं तेच सांगत होते आणि ते जड जात नव्हतं. जड जाईल असं वाटलं होतं, म्हणून तर सगळा खटाटोप केला होता. त्या विचारत होत्या आणि मी सांगत होते. झाड कुठल्या बाजूला पडलं, पाखरं किती वेळ घिरट्या घालत होती, लाकूड कुणी नेलं.

"पाडताना आपल्यातलं कोण व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हेच व्हते. सकाळपासनं सांजेपत्तर उभे व्हते. जेवायला बी आले न्हाईत."

"आन् घरी आल्यावर?"

मालकांनी हे कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण त्या दिवशी मला खरं बोलायची चटक लागली होती.

"न्हाणीत गेले, आतनं कडी घातली आन् रडले. लई येळ."

"मला कसं ऐकू न्हाई आलं? मला तर भिंतीपलीकडची पाल ऐकू येती."

"नळ सोडला व्हता, अव्वा. तुमाला ऐकू जाऊ न्हाई म्हणून."

अव्वांचा चेहरा तेव्हा बदलला. लिंबाखाली तो बदलला नव्हता. त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला, की बांगडी रुतली.

"नळ सोडून," त्या म्हणाल्या. "माय ओसरीवर बसलेली, आन् लेकरू नळ सोडून रडतंय. ते झाड माझं बी व्हतं की गं. त्याला माझ्यासंगं रडावं वाटलं न्हाई?"

त्यांनी मान फिरवली आणि कोपीच्या दिशेनं मोठ्यांदा हाक मारली. मालक कोपीमागून निघाले. डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलेलं, मान खाली. सगळ्या लोकांच्या मधून, ताटांच्या कडेनं चालत, ते बांधापर्यंत आले आणि अव्वांपासून हातभर लांब उभे राहिले. आता शिव्या बसणार, हे त्यांनी धरलंच होतं. मीही धरलं होतं.

अव्वा बांधावर हळूच टेकल्या. शेजारची जागा हातानं झाडली, आणि त्याच हातानं त्यांना जवळ ओढलं.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "हितं नळ न्हाई. रड आता."